सूंस ऐकणारे यंत्र : फिरोजशाह कोटल्यापासून कर्णवासपर्यंत

दिल्लीला समुद्र नाही. देवमासा आणि जहाज यांच्या टकरीचा इतिहास या शहरापासून सुरू करणे त्यामुळे विचित्र वाटेल. पण देवमाशांच्या गणातील एक प्राणी गोड्या पाण्यात राहतो. तो गंगेत आहे आणि एके काळी दिल्लीच्या यमुनेतही होता. हिंदी पट्ट्यात त्याला सूंस म्हणतात. आपण त्याला गंगेतील डॉल्फिन म्हणतो. दात असलेल्या देवमाशांच्या अतिप्राचीन शाखांपैकी ही एक शाखा आहे. या प्राण्याला मारू नये अशी राजाज्ञा आणि त्याला पाण्याखाली ऐकण्याची आधुनिक विद्या, या दोहोंचे धागे दिल्लीत सापडतात.

पहिला धागा फिरोजशाह कोटल्यावर उभा आहे. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने टोपरा येथून अशोकाचा एक स्तंभ दिल्लीस आणविला. त्यावरील ब्राह्मी लिपी जेम्स प्रिन्सेपने 1837 साली उलगडली. या स्तंभावरील पाचव्या लेखात अशोक म्हणतो की, राज्याभिषेकास सव्वीस वर्षे झाल्यावर आपण काही प्राणी अवध्य ठरविले आहेत. पुढे त्या प्राण्यांची यादी येते. पोपट, मैना, हंस यांच्याबरोबर तीत 'गंगापुपुटक' असे एक नाव आहे. अनेक अभ्यासकांच्या मते हा गंगेतील डॉल्फिनच होय. हे मत ग्राह्य धरले, तर जलचर सस्तन प्राण्याला कायद्याचे संरक्षण देणाऱ्या जगातील अतिप्राचीन आज्ञांपैकी एक आज दिल्लीतच कोरलेली आहे.

आधुनिक विज्ञानात या प्राण्याची नोंद 1801 साली झाली. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यांनी त्या वर्षी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे 1870 च्या दशकात जॉन अँडरसन यांनी त्याच्या शरीररचनेचा सविस्तर अभ्यास केला आणि तो कोठवर आढळतो याची माहितीही गोळा केली. त्यांच्या नोंदीनुसार यमुनेत हा प्राणी दिल्लीपर्यंत येत असे, आणि मे महिन्यात नदी आटली असतानाही तेथे दिसत असे. आज दिल्लीच्या यमुनेत सूंस नाही. यमुनेत तो उरला आहे तो खूप खाली, चंबळ नदी तिला मिळते त्या परिसरात आणि त्यापुढे. दीडशेहून कमी वर्षांत एका राजधानीने आपला जलचर शेजारी गमावला, आणि त्याची फारशी खंतही कोणी केली नाही.

या प्राण्याचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य म्हणजे तो जवळजवळ आंधळा आहे. त्याच्या डोळ्यात भिंग नाही आणि डोळ्याचे छिद्र टाचणीच्या टोकाएवढे असते. उजेड कोणत्या बाजूने येतो एवढेच त्याला कळत असावे. गाळाने भरलेल्या गंगेत डोळ्यांचा उपयोगही बेताचाच. तेथे तो ध्वनीने पाहतो. तो अत्यंत अल्पकाळ टिकणारे, टिचकीसारखे ध्वनी सतत सोडतो आणि मासा, काठ, खडक यांवरून परतणारा प्रतिध्वनी ऐकून पुढचे जग ओळखतो. त्याच्या कवटीवर हाडाच्या दोन उंच कडा असतात. ध्वनीला दिशा देण्यात त्यांचा वाटा असल्याचे मानले जाते. माणसाला साधारण 20 किलोहर्ट्‌झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. या टिचक्यांची ऊर्जा 60 किलोहर्ट्‌झच्या आसपास एकवटलेली असते. म्हणजे काठावर उभ्या असलेल्या माणसाला गंगा शांत वाटते, त्याच वेळी पाण्याखाली हा संवाद अखंड चालू असतो.

माणूस ही युक्ती फार उशिरा शिकला, आणि शिकला तो युद्धासाठी. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांनी जहाजे बुडवायला सुरुवात केली, तेव्हा फ्रान्समध्ये पॉल लांजव्हँ आणि कॉन्स्टंटिन चिलोव्स्की यांनी पाण्यात अतिध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपण्याचे प्रयोग केले. लांजव्हँ यांनी त्यासाठी क्वार्ट्‌झ स्फटिक वापरला. विजेने तो कंप पावतो आणि कंपनाने वीज निर्माण करतो. पुढे या विद्येला 'सोनार' हे नाव पडले. वटवाघळांच्या अशाच क्षमतेला अमेरिकी शास्त्रज्ञ डोनाल्ड ग्रिफिन यांनी 1944 साली 'एकोलोकेशन' हे नाव दिले. डॉल्फिनही हेच करतात, हे त्यानंतरच्या दशकांतील प्रयोगांनी सिद्ध केले. लक्षावधी वर्षे वापरात असलेली विद्या माणसाने आधी यंत्रात घडविली आणि मग तिचा मूळ धनी ओळखला.

दिल्लीचा दुसरा धागा याच युद्धविद्येत आहे. 9 डिसेंबर 1971 रोजी दीवजवळच्या समुद्रात 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने भारतीय नौदलाची 'खुकरी' ही युद्धनौका बुडविली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह 194 जणांनी प्राण गमावले. नौदलाच्या ब्रिटिश बनावटीच्या सोनारांच्या मर्यादा त्या रात्री उघड झाल्या. त्या काळात ॲरोग्यस्वामी पॉलराज हे तरुण नौदल अधिकारी आयआयटी दिल्लीत प्रा. पी. व्ही. इंदिरेसन यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करीत होते. युद्धानंतर तेथेच त्यांनी नौदलाचे जुने सोनार सुधारण्याचे काम हाती घेतले, आणि ती सुधारणा नौदलाने स्वीकारली. पुढे कोचीच्या नौदल प्रयोगशाळेत त्यांच्या नेतृत्वाखाली 'अप्सो' हे संपूर्ण भारतीय सोनार तयार झाले. 1980 च्या दशकाच्या आरंभी ते युद्धनौकेवर चढले. पॉलराज नंतर अमेरिकेत गेले. अनेक अँटेना वापरून बिनतारी संदेशवहनाची क्षमता वाढविण्याच्या तंत्राचे जनक म्हणून ते जगाला ठाऊक आहेत. आज आपल्या हातातील फोनमध्ये जे गणित चालते, त्याचे नाते अनेक संवेदकांनी एकच लहर टिपण्याच्या या सोनारविद्येशी आहे.

आयआयटी दिल्लीच्या उपयोजित इलेक्ट्रॉनिकी संशोधन केंद्रात पाण्याखालील ध्वनीचा हा अभ्यास पुढे चालू राहिला. 2006 च्या सुमारास त्याला वेगळे वळण मिळाले. केंद्रातील प्रा. राजेंदर बहल, टोकियो विद्यापीठातील तामाकी उरा आणि हारुमी सुगिमात्सु, जपानच्या केडीडीआय प्रयोगशाळेतील जुनिची कोजिमा आणि दिल्लीत मुख्यालय असलेल्या डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडियाचे संदीप बेहेरा ही मंडळी एकत्र आली. उरा हे पाण्याखाली स्वयंचलितपणे फिरणाऱ्या यंत्रांचे तज्ज्ञ. पाणबुडी शोधणाऱ्या विद्येने आता डॉल्फिन शोधायचे होते. आरंभीच्या चाचण्या ओडिशात झाल्या : चिलिका सरोवरात इरावती डॉल्फिनवर आणि बुढाबळंग नदीत गंगेतील डॉल्फिनवर. त्यानंतर दीर्घ निरीक्षणासाठी त्यांनी निवडले ते उत्तर प्रदेशातील नरोराजवळचे कर्णवास.

कर्णवास बुलंदशहर जिल्ह्यात गंगेच्या काठी आहे, आणि हा जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. यमुनेतील सूंस हरवले, तरी राजधानी क्षेत्राच्या पूर्व सीमेवर गंगेत ते अजून आहेत. ब्रिजघाट ते नरोरा हा गंगेचा सुमारे 85 किलोमीटरचा पट्टा 2005 साली रामसर पाणथळ म्हणून घोषित झाला. तेथील डॉल्फिन वरचे बिजनोरचे धरण आणि खालचे नरोराचे धरण यांच्यामध्ये जणू बंदिस्त आहेत. त्यांची संख्या थोडी आणि वावराचे क्षेत्र मर्यादित. दीर्घकाळ ऐकत राहण्यास अशी जागा सोयीची ठरते.

तेथे वापरलेल्या यंत्रणेचे तत्त्व विद्यार्थ्यांनी समजून घेण्याजोगे आहे. युद्धनौकेवरील सोनार बहुधा स्वतः ध्वनी सोडते आणि प्रतिध्वनी ऐकते. त्याला सक्रिय सोनार म्हणतात. कर्णवासची यंत्रणा काहीही सोडत नाही, ती फक्त ऐकते. डॉल्फिन स्वतःच सतत टिचक्या मारतो, मग आपण आणखी आवाज कशाला करायचा? शिवाय उथळ नदीत सोडलेला ध्वनी तळ, पृष्ठभाग आणि काठ यांवरून पुनःपुन्हा परततो आणि सगळा गोंधळ होतो.

ऐकण्यासाठी सहा हायड्रोफोनची, म्हणजे पाण्याखालील ध्वनिग्राहकांची, एक रचना वापरली गेली. एका हायड्रोफोनने टिचकी ऐकली तर 'जवळपास डॉल्फिन आहे' एवढेच कळते. दोन हायड्रोफोन असले की दिशा कळू लागते. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 1500 मीटर असतो. दोन हायड्रोफोनमध्ये दीड मीटर अंतर असेल, तर एकीकडून दुसरीकडे जायला ध्वनीला जास्तीत जास्त एक सहस्रांश सेकंद लागतो. टिचकी समोरून आली तर फरक शून्य, बाजूने आली तर पूर्ण एक सहस्रांश, आणि मधल्या प्रत्येक दिशेसाठी मधला एखादा आकडा. वेगवेगळ्या दिशांना मांडलेल्या हायड्रोफोनच्या जोड्यांमधून अशा अनेक दिशा मिळाल्या की त्यांच्या छेदातून डॉल्फिनची जागा आणि खोलीही काढता येते. लागोपाठच्या टिचक्यांच्या जागा जोडल्या की त्याच्या बुडीचा मार्ग उमटतो. पाण्याबाहेर काही क्षणच दिसणाऱ्या प्राण्याचे पाण्याखालचे आयुष्य असे प्रथमच रेखाटता येऊ लागले. 2011 पर्यंत या चमूने कर्णवास येथील तीन हंगामांची दीर्घ निरीक्षणे जमा करून वर्षावर्षांतील वर्तनबदल मांडले. डोळ्यांनी होणाऱ्या गणनेला मदत म्हणून फुग्याला कॅमेरा टांगून वरून चित्रण करण्याचाही प्रयोग त्यांनी केला.

हे सारे चालू असताना चीनमधून आलेली बातमी सर्वांच्या मनात होती. 2006 च्या अखेरीस यांगत्से नदीत सहा आठवडे बैजी या डॉल्फिनचा शोध घेतला गेला. दुर्बिणी होत्या, ध्वनी टिपणारी यंत्रेही होती. एकही बैजी दिसला नाही, ऐकूही आला नाही. त्याच्या नाशाची प्रमुख कारणे मासेमारीचे गळ आणि जाळी ही होती. पण बोटींची धडक आणि पंख्यांच्या जखमा यांनीही बळी घेतल्याच्या नोंदी होत्या. यांगत्से हा जगातील अत्यंत वर्दळीचा जलमार्ग आहे. तेथे ऐकण्याचे यंत्र पोचले, तेव्हा ऐकण्यासारखे काही उरलेच नव्हते.

गंगेपुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा आहे. हल्दिया ते अलाहाबाद हा 1620 किलोमीटरचा मार्ग 1986 साली राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक एक ठरला. त्याच वर्षी भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरण स्थापन झाले. त्याचे मुख्यालय दिल्लीशेजारच्या नोएडात आहे. 2016 च्या कायद्याने देशातील राष्ट्रीय जलमार्गांची संख्या 111 झाली. 2018 साली वाराणसीच्या मालधक्क्याचे उद्घाटन झाले, आणि जानेवारी 2023 मध्ये 'गंगाविलास' ही पर्यटननौका वाराणसीहून दिब्रुगढला निघाली. ट्रकपेक्षा नौकेने माल नेणे इंधनाच्या दृष्टीने किफायतशीर असते, ही बाब खरी आहे. पण हाच जलमार्ग भागलपूरजवळच्या विक्रमशिला डॉल्फिन अभयारण्यातून जातो. ते 1991 साली घोषित झाले, आणि 2009 साली गंगेतील डॉल्फिनला राष्ट्रीय जलचर म्हणून मान्यता देण्याचा निर्णय झाला. एकाच नदीला दोन राष्ट्रीय दर्जे मिळाले आहेत आणि दोन्ही एकाच पाण्यात राबवायचे आहेत.

येथे प्रमाणाचे भान ठेवले पाहिजे. गंगेतील डॉल्फिनचे मोठे मारेकरी आजही जाळी, धरणे, आटलेला प्रवाह आणि प्रदूषण हे आहेत. नौकेची धडक हा त्यांत वाढत जाऊ शकणारा धोका आहे. चिलिकात पर्यटकांच्या मोटरबोटी इरावती डॉल्फिनला कशा जाचतात, हे पूर्वीच दिसून आले आहे. शिवाय नौकेचा धोका केवळ पंख्यापुरता नसतो. मयूख डे, जगदीश कृष्णस्वामी, तादामिची मोरिसाका आणि नचिकेत केळकर यांनी 2019 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बिहारमधील गंगेत नौकांचा आवाज आणि डॉल्फिनच्या टिचक्या एकत्र मोजल्या. आवाज थोडा वेळ वाढला तर डॉल्फिन अधिक टिचक्या मारत होते. तो कायम राहिला तर गप्प होत होते. नौकांच्या आवाजाने त्यांच्या टिचक्या झाकोळल्या जात होत्या, त्यांच्या शरीरावरील चयापचयाचा अंदाजित ताण दुपटीहून अधिक होत होता, आणि उन्हाळ्यात पाणी उथळ झाले की हा परिणाम आणखी तीव्र होत होता. जो प्राणी कानाने पाहतो, त्याच्यासाठी गोंगाट म्हणजे धुके.

या निष्कर्षातून तंत्रज्ञानापुढची एक पेचाची गोष्ट निघते. नौका जवळ येते तेव्हाच डॉल्फिनचा ठाव लागणे सर्वांत गरजेचे असते. आणि नेमक्या त्याच वेळी पंख्याभोवती फुटणाऱ्या बुडबुड्यांच्या आवाजात टिचक्या बुडू लागतात, कदाचित डॉल्फिन स्वतःच गप्प होतो. म्हणजे डॉल्फिन ऐकण्याचा कान नौकेवर बसविणे हे गिरणीत बसून दूरचा पावा ऐकण्यासारखे आहे. कान नदीत हवा, नौकेच्या बराच पुढे, एका जागी स्थिर. कर्णवासची यंत्रणा टकरी टाळण्यासाठी उभारलेली नव्हती, ती निरीक्षणासाठी होती. पण स्थिर कानाची ही वाट तिने दाखवून दिली.

अमेरिकेच्या बोस्टन बंदराजवळ ही वाट प्रत्यक्षात चालून पाहिली गेली. उत्तर अटलांटिकमधील राइट व्हेल फारच थोडे उरले आहेत आणि जहाजांची धडक हे त्यांच्या मृत्यूचे एक मुख्य कारण आहे. 2008 च्या सुमारास तेथील जहाजमार्गावर दहा श्रवण-तरंडे नांगरण्यात आले. देवमाशाची साद ऐकू आली की तरंडा ती किनाऱ्यावर पाठवी, तज्ज्ञ ती तपासत आणि त्या भागातील वायुवाहू जहाजांना वेग दहा नॉटपर्यंत कमी करावा लागे. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की यंत्राच्या मागे नियम होता. साद ऐकली, पण जहाज आपल्याच वेगाने पुढे गेले, तर ती नोंद केवळ मृत्यूच्या पंचनाम्यात उपयोगी पडते.

वेगाचे महत्त्व साध्या गणिताने पटते. दहा नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे पाच मीटर. समजा, 300 मीटर पुढे डॉल्फिन असल्याचे कळले; तर नाविकाच्या हाती एक मिनिट उरते. पाच नॉट वेग असेल तर दोन मिनिटे. मालाने भरलेली नौका जागच्या जागी थांबत नाही, आणि उन्हाळ्यात गंगेचा खोल प्रवाह एवढा अरुंद होतो की बाजूला वळण्यासही जागा नसते. डॉल्फिन त्याच खोल पाण्याच्या आश्रयाला आलेले असतात. त्यामुळे नदीत 'ऐका आणि वळा' यापेक्षा 'ऐका आणि हळू चला' हाच उपाय संभवतो. जलमार्ग प्राधिकरणाने अभयारण्याच्या भागात वेग पाच नॉटपर्यंत मर्यादित ठेवण्याचे आणि नौकांच्या पंख्यांना संरक्षक जाळी बसविण्याचे उपाय आपल्या योजनेत नोंदविले आहेत. त्यांचे पालन कोठे, केव्हा आणि किती होते, हे तपासण्यासाठीही नदीतला तो स्थिर कान कामी येऊ शकतो. कारण तो डॉल्फिनइतकाच स्पष्टपणे नौकाही ऐकतो.

ऐकण्याची ही विद्या आता गणनेतही रुळली आहे. 2020 साली 'प्रोजेक्ट डॉल्फिन'ची घोषणा झाली. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने 2021 ते 2023 या काळात 28 नद्यांची पाहणी केली. त्यात डोळ्यांच्या जोडीला हायड्रोफोनही होते. मार्च 2025 मध्ये जाहीर झालेल्या अहवालानुसार भारतातील नदी-डॉल्फिनची संख्या 6,327 आहे. त्यांपैकी तीन बियास नदीतील सिंधू डॉल्फिन आहेत, बाकी सारे गंगेचे. सर्वाधिक, म्हणजे 2,397, उत्तर प्रदेशात आहेत. बैजीच्या तुलनेत हा आकडा दिलासा देणारा आहे. पण मादी दोन-तीन वर्षांतून एकच पिल्लू देते. अशा प्राण्याच्या बाबतीत थोडे वाढीव मृत्यूही कालांतराने मोठी घट घडवितात.

खुकरीच्या बलिदानानंतर दिल्लीच्या प्रयोगशाळेत जी विद्या धारदार झाली, तिचा हेतू पाण्याखालील शत्रू वेळेवर ओळखणे हा होता. पुढे त्याच विद्येने कर्णवासला एक निरुपद्रवी जीव ओळखला. यंत्र दोन्हीकडे साधारण एकच काम करते : कोण, कोठे, किती दूर. ऐकल्यानंतर काय करायचे, हे यंत्र सांगत नाही. नौदलाकडे त्याचे उत्तर तयार असते. जलमार्गाकडे ते असायला हवे. कोणत्या टप्प्यात, कोणत्या महिन्यात, किती वेगाने, आणि नियम मोडला तर काय, एवढ्या नेमकेपणाने. अशोकाने गंगापुपुटकाचे नाव दगडावर कोरले, पण यमुनेतील त्याचे वंशज त्या दगडापासून थोड्याच अंतरावर नाहीसे झाले. भारतातील 6,324 सूंस आज ऐकू येतात. नांगरलेल्या हायड्रोफोनपासून नाविकाच्या हातातील सुकाणूपर्यंतचे अंतर भरून काढण्यास अजून अवधी आहे, आणि ते काम नोएडात, दिल्लीत आणि देशभरातील अभियांत्रिकीच्या वर्गांत बसलेल्यांचे आहे.